सिकलसेल : दोष कुणाचाच नाही, जबाबदारी सगळ्यांची



मागच्या बैठकीत दाव्यांचं बोलणं संपत आलं होतं. लोक उठायच्या तयारीत होते. तेवढ्यात एका पाड्याच्या कारभाऱ्यांनी उभं राहून ठराव मांडला. "ज्या घरात सिकलसेल निघाला त्या घरात पोरगी द्यायची नाही, त्या घरची पोरगी आणायची नाही. सगळ्या गावांनी एकदाच ठरवून टाका, म्हणजे रोग संपेल." बरेच हात वर गेले. काही हात अर्धेच वर गेले. आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे ते साथी खाली माती बघत बसले. त्यात दहा-बारा वर्षं मोर्च्यात पुढे चालणाऱ्या बायकाही होत्या. ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. त्या बैठकीआधी आमचं म्हणणं तुमच्यासमोर ठेवावं म्हणून यावेळचं संपादकीय जमिनीवर नाही, रक्तावर आहे.

कारभारी वाईट माणूस नाही. त्यांच्या भावकीतलं आठ वर्षांचं पोरगं दोन वर्षांपूर्वी गेलं. थंडी पडली की ते हातपाय धरून रात्रभर रडायचं. डोळे पिवळे, पोट डाव्या बाजूला फुगलेलं. बडव्याकडे नेलं. बडव्याने दाणे पाहिले आणि पाड्यातल्या एका विधवेकडे बोट दाखवलं. ती बाई जीव वाचवून माहेरी गेली. आज तिचं नेवाडचं शेत दुसराच कसतो. हे लिहायला आम्हाला लाज वाटते, कारण तेव्हा आम्हीही गप्प बसलो होतो.

पुढे त्याच घरातल्या धाकट्या पोरीची रक्त तपासणी झाली आणि सिकलसेल हे नाव पहिल्यांदा कानावर आलं. डाकिणीचं नाव मागे पडलं, पण बोट खाली आलं नाही. ते आईकडे वळलं. "रोग हिच्या माहेरचा." आता ठरावातून तेच बोट अख्ख्या घराकडे वळलंय. आधी डाकीण, मग आई, मग घर. तिन्ही वेळा आपण चुकलो. का चुकलो ते समजायचं तर आई-बापाचे गुण पोरात कसे उतरतात ते बघावं लागेल.

आमच्यापैकी काहीजण बारावीपर्यंत शिकले. पुस्तकात हा धडा होता. पाठ केला, परीक्षेत लिहिला, मार्क मिळाले. पण त्या धड्याचा आपल्या पाड्यावर रडणाऱ्या पोराशी संबंध आहे हे ना कुणी सांगितलं, ना आमच्या ध्यानात आलं. तो धडा आता शेतकऱ्याच्या भाषेत परत मांडतो.

माणसाच्या शरीरात प्रत्येक गुणाचे दोन दाणे असतात असं समजा. पुस्तकात त्याला जनुक म्हणतात. एक दाणा आईकडून आलेला, एक बापाकडून आलेला. आपल्याला पोर होतं तेव्हा आपण आपल्या दोन दाण्यांतला एकच देतो. कोणता द्यायचा हे आपल्या हातात नसतं. आईच्या हातात नाही, बापाच्याही नाही.

दोन्ही दाणे सारखे असतील तर प्रश्न नाही. पण वेगळे असले तर कधी कधी एक दिसतो आणि दुसरा झाकला जातो. झाकणाऱ्याला पुस्तकात प्रभावी म्हणतात, झाकल्या जाणाऱ्याला अप्रभावी. झाकलेला दाणा मरत नाही. तो तसाच राहतो आणि पुढच्या पिढीला दिला जातो. समोरूनही तसाच झाकलेला दाणा आला तर दोन एकत्र येतात, आणि मग तो गुण उघडा पडतो.

हे पहिल्यांदा नीट मोजून दाखवलं ते ग्रेगर मेंडेल नावाच्या माणसाने. १८२२ साली शेतकऱ्याच्या घरात जन्मला, पुढे मठात साधू झाला. तो मठ ब्रून शहरात, आजच्या चेक देशात आहे. तिथल्या बागेत १८५६ पासून आठ वर्षं त्याने वाटाणे पेरले. गोल दाण्याचा वाटाणा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा संकर केला. आलेले सगळे दाणे गोल. सुरकुती गेली असं कुणालाही वाटलं असतं. त्याने तेच गोल दाणे परत पेरले आणि पुढचं पीक दाणा दाणा मोजलं. ७,३२४ दाण्यांत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे चारात तीन गोल, एक सुरकुतलेला. एक पिढी लपलेली सुरकुती जशीच्या तशी परत आली. १८६६ साली त्याने हे छापलं, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८८४ साली तो वारला. १९०० साली दुसऱ्या शास्त्रज्ञांना तेच सापडलं तेव्हा जगाला त्याची आठवण झाली.

माणसातही असं असतं. आपल्याच गावातली उदाहरणं बघा. हाताला सहावं बोट असणं हा पुष्कळ घरांत प्रभावी गुण असतो. एकच दाणा पुरतो, म्हणून आजा, बाप, पोरगी असं ते ओळीने दिसत जातं. उलट, सावळ्या आई-बापाच्या पोटी कधी अगदी पांढरं पोर जन्मतं, केसही पांढरे, उन्हात डोळे उघडत नाहीत. हा गुण अप्रभावी. दोघांकडेही लपलेला दाणा होता, पोरात दोन्ही एकत्र आले. अशा पोराच्या आईवर नवऱ्याने संशय घेतल्याच्या गोष्टी आपण ऐकल्यात. त्या बाईचा काहीच गुन्हा नसतो. रक्तगटाचंही तसंच. ए आणि बी हे गट ओ गटाला झाकतात. त्यामुळे आई-बाप दोघेही ए गटाचे असले तरी पोर ओ गटाचं होऊ शकतं. त्यावरून घरात भांडण करणारा माणूस विज्ञान शिकलेला नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

इथे दोन गैरसमज आधीच काढून टाकू. प्रभावी म्हणजे चांगला, ताकदवान किंवा जास्त लोकांत असणारा असं नाही. सहा बोटांचा गुण प्रभावी, पण सहा बोटांची माणसं गावात किती? एखादं. ओ रक्तगट अप्रभावी, पण ओ गटाची माणसं गावोगाव भरपूर. प्रभावी हा शब्द फक्त कोण कुणाला झाकतं एवढंच सांगतो. दुसरं म्हणजे माणसाचा प्रत्येक गुण असा एका जोडीवर ठरत नाही. उंची, रंग, अंगातली ताकद, डोक्याची समज, यात कितीतरी जनुकं असतात आणि वर खाणं, शिकणं, आजारपण, राहणीमान. तेव्हा कुणी साहेब म्हणाला की "तुमच्या रक्तातच शिक्षण नाही", तर त्याला सांगा की असा दाणा अजून कुणाला सापडलेला नाही.

आता सिकलसेल. सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात, अंगभर हवा पोचवतात. हवा धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या एका साखळीत १४६ कड्या असतात. सिकलसेलमध्ये त्यातली फक्त सहावी कडी बदललेली असते. १४६ मधली एक. पण तेवढ्याने अंगात हवा किंवा पाणी कमी पडलं की हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटतं आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. वाकड्या पेशी बारीक नसांत अडकतात, रक्त पुढे जात नाही, म्हणून त्या कळा. चांगली पेशी साधारण १२० दिवस जगते, विळ्यासारखी १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. लहान पोरांत पानथरी सुजते, म्हणून डावीकडे फुगलेलं पोट. बडव्याने जे जे पाहिलं ते सगळं या एका कडीतून आलेलं होतं. विधवेच्या नजरेतून नाही.

हा आजार फक्त आपलाच नाही. दवाखान्याच्या कागदावर तो पहिल्यांदा आला १९१० साली, अमेरिकेतल्या शिकागो शहरात. आजारी होता ग्रेनाडा बेटावरून दातांची डॉक्टरकी शिकायला आलेला एक तरुण. तो आई-बाप दोघांकडूनही येतो हे १९४९ साली स्पष्ट झालं. आपल्या देशात तो १९५२ साली सापडला, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यातल्या मजुरांत. १९५८ साली नागपूरच्या बाजूला त्याची नोंद झाली. आफ्रिकेत तो आहे, अरबस्तानात आहे, ग्रीस देशात आहे. विदर्भात आदिवासी नसलेल्या जातींतही आहे. "आदिवासींचा रोग" म्हणणाऱ्याला एवढं पुरे आहे.

या आजाराचा दाणा अप्रभावी आहे. चांगल्या दाण्याला ए म्हणतात, विळ्याच्या दाण्याला एस. दोन्ही ए असतील तर काही प्रश्नच नाही. एक ए आणि एक एस असेल तो वाहक. तो आजारी नसतो. त्याच्या रक्तात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन असतं, पण चांगलं जास्त असतं आणि ते काम भागवतं. वाहक माणूस सहसा शेत नांगरतो, डोंगर चढतो, म्हातारा होतो आणि आपण वाहक आहोत हे त्याला कळतही नाही. दोन्ही दाणे एस असतील तोच आजारी.

हे आम्ही एका पाड्यावर मक्याचे दाणे घेऊन करून दाखवलं. तुम्हीही करा. दोन वाट्या घ्या, एक आईची, एक बापाची. प्रत्येक वाटीत एक पांढरा दाणा आणि एक लाल दाणा टाका. म्हणजे दोघेही वाहक. आता डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा उचला. ते झालं पहिलं पोर. काय आलं ते भिंतीवर कोळशाने लिहा. मग दाणे परत वाटीत टाका. हे परत टाकणं विसरू नका, सगळी गोष्ट त्यात आहे. मग दुसरं पोर, तिसरं पोर. पुष्कळ वेळा केलं की दिसतं, चार वेळात साधारण एकदा दोन्ही लाल, एकदा दोन्ही पांढरे, आणि दोनदा एक लाल एक पांढरा. मेंडेलच्या वाटाण्यात चारात एक सुरकुतलेला होता, तेच हे.

दाणे परत टाकायचे का? कारण प्रत्येक पोराच्या वेळी खेळ नव्याने सुरू होतो. पुष्कळांना वाटतं, चारात एक आजारी ना, आमचं एक झालं, आता बाकीचे तीन सुटले. तसं नसतं. वाट्यांना आधीचं पोर आठवत नाही. दोघे वाहक असलेली आणि चार-चार पोरं असलेली २५६ घरं धरली, तर हिशोबाने ८१ घरांत एकही पोर आजारी नसेल. १०८ घरांत एक, ५४ घरांत दोन, १२ घरांत तीन आणि एका घरात चारही आजारी निघतील. त्या ८१ घरांना गाव म्हणेल देव पावला. त्या शेवटच्या घराला म्हणेल शाप लागला. रक्त मात्र सगळ्या आई-बापांचं सारखंच आहे. शापही नाही, पुण्यही नाही.

आता आधीचे तीन आरोप परत बघा.

डाकिणीचं उत्तर झालं. पोर पोटात आलं त्याच क्षणी दाणे ठरले. बाहेरचा कुणी, जिवंत किंवा मेलेला, त्यात काही करू शकत नाही. आणि आरोपानंतर विधवेची जमीन कुणाकडे जाते हेही आपण डोळे उघडे ठेवून बघायला हवं.

आईचं उत्तर त्याहून सोपं आहे. आजारी पोराच्या अंगात दोन एस असतात, एक आईचा, एक बापाचा. आजारी पोर दिसलं म्हणजे बापाकडेही एस आहे हे ठरलंच. "हिच्या माहेरचा रोग" म्हणणारा नवरा स्वतःच्या रक्ताबद्दल बोलत असतो, फक्त त्याला माहीत नसतं. आम्हाला अशी एक बाई माहीत आहे जिला पोरासकट माहेरी पाठवून दिलं आणि देज परत मागितली. दवाखान्यातल्या एका बाईंनीही तिलाच विचारलं होतं, "तुझ्या घरात कुणाला आहे?" नवऱ्याचं रक्त कुणी घेतलंच नाही.

आता घराचं, म्हणजे ठरावाचं उत्तर. ठराव म्हणतो घर वगळा. पण घर वाहक नसतं, माणूस वाहक असतो. दोघे वाहक आई-बाप असले तरी त्यांच्या काही पोरांकडे एकही एस नसतो. त्या पोराने काय केलं म्हणून त्याला पोरगी द्यायची नाही? उलट, ज्या घरात कधी कुणी आजारी पडलं नाही त्या घरातही झाकलेला दाणा असू शकतो. आजारी माणूस दिसतो, वाहक दिसत नाही. हिशोब करू. समजा १०० माणसांत २० वाहक आहेत आणि लग्नं न तपासता होतात. तर १०० जोडप्यांत साधारण ४ जोडप्यांत दोघेही वाहक असतील, आणि त्यांच्या पोरांत चारात एक आजारी. म्हणजे सगळी मिळून १०० पोरांत एक आजारी. एक दिसतं आणि वीसेक लपलेले असतात. त्या एकाचं घर वाळीत टाकून वीस कसे संपतील?

काही म्हातारे साथी म्हणतात, आपण एका कुळात लग्न करत नाही, मग हे आलं कुठून? कुळाचा नियम चांगला आहे, जवळच्या रक्तात लग्न नको हे आपल्या पूर्वजांना कळत होतं. पण कूळ चालतं बापाकडून आणि दाणे येतात दोघांकडून. आजीचा एस, आईचा एस कुळाच्या नावात लिहिलेला नसतो. मामाच्या कुळातून, आजीच्या कुळातून तो फिरत राहतो, आणि आपली लग्नं त्याच दहा-वीस गावांत होतात. म्हणून कूळ वेगळं असलं तरी तपासणी लागते.

आणखी एक गोष्ट, विशेषतः ज्यांना वाटतं आपलं रक्तच खराब आहे त्यांच्यासाठी. इतका त्रास देणारा दाणा इतकी वर्षं टिकला कसा? १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेत दाखवलं की वाहक पोरांना जीवघेण्या हिवतापापासून बरंचसं संरक्षण मिळतं. जिथे हिवताप जास्त होता तिथे एक एस असलेली पोरं जास्त जगली आणि त्यांनी तो दाणा पुढे दिला. आफ्रिकेचा आणि आपला एस वेगवेगळा उगवला असं शास्त्रज्ञ मानतात, पण टिकला तो एकाच कारणाने. जंगलात, डासांत, औषधाशिवाय जगलेल्या आपल्या पूर्वजांच्या अंगात तो टिकला. ती आपल्या जगण्याची खूण आहे, खराबी नाही. पण म्हणून हिवतापाकडे दुर्लक्ष करू नका. वाहकालाही हिवताप होतो, आणि दोन एस असलेल्या आजारी पोराला तर तो फार धोक्याचा असतो.

मग काय करायचं? ठरावाला नुसतं नाही म्हणून भागत नाही. आजार खरा आहे, पोरं खरी मरतात. म्हणून आम्ही पुढच्या बैठकीत त्याच्या जागी हे मांडणार आहोत.

लग्नाआधी पोरगा आणि पोरगी दोघांची तपासणी करायची. आधी थेंबभर रक्ताची साधी चाचणी असते. द्रावण गढूळ झालं तर एस आहे एवढं कळतं, पण माणूस वाहक की आजारी ते कळत नाही. त्यासाठी दुसरी, इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तपासणी लागते. ती झाल्याशिवाय कुणालाही आजारी म्हणू नये. दोघांतला एक वाहक आणि दुसरा नाही, तर खुशाल लग्न करा, एकही पोर आजारी होणार नाही. एक आजारी आणि दुसऱ्याकडे एस नाही, तरी एकही पोर आजारी होणार नाही, सगळी वाहक होतील. फक्त आजारी बाईचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यात, आधीपासून नाव घालून व्हायला हवं. एक वाहक आणि एक आजारी असेल तर प्रत्येक पोराच्या वेळी निम्मी भीती. दोघे वाहक असतील तर चारात एक. अशा दोघांना आमचा सल्ला आहे की दहादा विचार करा. पण सल्ला आणि हुकूम यात फरक आहे. ठरवायचं त्या दोघांनी. कारभाऱ्याने नाही, पंचाने नाही, आम्हीही नाही. मोठ्या शहरातल्या काही दवाखान्यांत बाळ पोटात असताना सुरुवातीच्या महिन्यांत तपासता येतं, हेही त्यांना सांगायला हवं. आणि ज्यांची लग्नं आधीच झालीत त्यांच्यात यावरून सोडचिठ्ठी नाही, देज परत मागणं नाही.

घरात पोर आजारी असेल तर त्याला सारखं पाणी पाजा, थंडीत गरम कपडे द्या, उपाशी ठेवू नका, भारी कामाला लावू नका. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज द्यायची असते. लहान पोरांच्या लसी चुकवू नका. हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध आहे, त्याने पुष्कळांच्या कळा कमी होतात, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचं. लोहाच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय देत राहू नका. आम्हीही आधी "रक्त कमी आहे" म्हणून त्या वाटत होतो. ती आमची चूक होती. ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली, पोर एकदम पांढरं पडून पोट फुगलं, किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी दवाखाना. बडव्याला भेटायचं असेल तर परत आल्यावर भेटा.

आणि ऊसतोडीबद्दल. दरवर्षी आपण पोरंबाळं घेऊन गुजरातेत ऊस तोडायला जातो. पडावावर पहाटेची थंडी, दिवसभर राबणं, प्यायला पाणी कमी. वाकड्या पेशींना याहून दुसरं काय हवं? आजारी माणसाला तिकडे नेणं म्हणजे कळ विकत घेणं. पण मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून लोक नेतात. त्यांना नुसते उपदेश करून उपयोग नाही. अशा घराला गावात काम मिळावं यासाठी आपणच मागणी लावली पाहिजे.

आमच्या मागण्या अशा :

१. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही तपासण्यांची सोय व्हावी. नुसती पहिली करून लोकांना घाबरवून सोडू नये.

२. तपासणीचा कागद ज्याचा त्याच्या हातात द्यावा आणि वाहक म्हणजे काय, आजारी म्हणजे काय, हे त्याच्या भाषेत समजावून सांगावं.

३. नावं गुप्त ठेवावीत. एका आश्रमशाळेत सगळ्या पोरांसमोर नावं वाचून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून वाहक पोरींशेजारी कुणी जेवायला बसेना. हा आजार शेजारी बसून लागत नाही. हे शिक्षकांना आधी शिकवा.

४. आजारी पोर शाळेत आलं नाही म्हणून नाव कापू नये. वर्गात त्याला पाणी प्यायला आणि उठायला मनाई नसावी.

५. गोळ्या फुकट आणि न चुकता मिळाव्यात. रक्त चढवायला डोंगरातून जिल्ह्याच्या गावाला जावं लागू नये.

६. ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घराला गावातच काम मिळावं.

दोष कुणाचाच नाही म्हणजे कुणी काही करायचं नाही असा अर्थ कुणी काढू नये. दाणा आपण निवडला नाही. पण दाणा कळल्यावर काय करायचं ते आपण निवडतो. ज्या विधवेला आपण हाकललं तिला परत आणणं आणि तिचं शेत तिला परत देणं, हेही या कामातच येतं असं आम्ही मानतो. ते आम्ही त्याच बैठकीत मांडू. कारभारी काकांशी आम्ही बोललो आहोत. ते अजून पूर्ण पटले नाहीत, पण त्यांनी मक्याचे दाणे मागून घेतलेत आणि घरी करून बघतो म्हणालेत.

ज्यांना वाचता येतं त्यांनी हा अंक पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावा, भिलीत, पावरीत, जी बोली असेल तीत. दोन वाट्या आणि चार दाणे सोबत ठेवा. ज्यांना आमचं पटलं नाही त्यांनी बैठकीत येऊन उभं राहून बोलावं. हात वर करण्याआधी मात्र आपलं स्वतःचं रक्त तपासून यावं. आम्ही तपासलं. आमच्यातही वाहक निघाले.

जिंदाबाद!